मोरीच्या भिंतीतलं तांबं

अमेरिकेत १९५० ते १९७० या काळात बांधलेल्या एखाद्या घराचं बाथरूम पहिल्यांदाच मुळापासून उखडलं जातं, तेव्हा आधी टाइल निघतात. मग टाइलमागचा सिमेंटचा थर आणि त्यातली लोखंडी जाळी निघते. त्यानंतर लाकडाच्या उभ्या दांड्यांमध्ये कधीकधी एक तीन इंची, काळपट चॉकलेटी पाइप दिसतो. मालकाला वाटतं, लोखंडच असणार, गंजून असं झालं असेल. पण लोहचुंबक लावलं तर चिकटत नाही. पॉलिश पेपर चार वेळा घासला की खालून लालसर, लखलखीत धातू वर येतो. ते तांबं असतं, आणि त्यातून गेली साठ-सत्तर वर्षं संडासाचं आणि न्हाणीचं पाणी वाहत आलेलं असतं.

न्यू जर्सी किंवा शिकागोच्या उपनगरांत जुनी घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांना हे पाहून धक्का बसतो, आणि तो बसावाच. तांबं म्हणजे आपल्याकडे पाणी तापवायचा बंब, पिण्याच्या पाण्याचा हंडा, देवापुढची पळी आणि ताम्हन. ते मोडीतसुद्धा तोलूनमापून द्यायचं. असा धातू मैला वाहून नेण्यासाठी भिंतीत गाडावा, ही कुणा श्रीमंताची हौस वाटते. पण ही घरं श्रीमंतांची नव्हती. कारखान्यातले कामगार, शिक्षक, युद्धावरून परतलेले सैनिक कर्ज काढून ती घेत होते. मग त्यांच्या मोरीच्या भिंतीत तांबं कसं आलं?

सांडपाण्यासाठी तांबं ही गोष्ट तशी फार जुनी. कैरोच्या दक्षिणेला, नाईलच्या पश्चिमेला अबुसीर नावाचं ठिकाण आहे. तिथे इजिप्तच्या पाचव्या राजवंशातल्या साहुरे या राजाचा पिरॅमिड आणि त्याला लागून मंदिर आहे, इसवी सनापूर्वीच्या पंचविसाव्या शतकातलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुडविग बोर्खार्ट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. त्याला दगडी कुंड्या सापडल्या. त्या आतून तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या होत्या आणि तळाच्या भोकाला शिशाचं बूच होतं. कुंड्यांतलं पाणी वाहून नेणारी तांब्याची नळी दगडात कोरलेल्या पन्हळीत बसवलेली होती आणि ती तीनशे मीटरहून जास्त लांब होती. पत्रा ठोकून गोल वळवायचा, कडा एकमेकींवर चढवायच्या आणि पन्हळीत चुन्या-जिप्समच्या लगद्यात घट्ट बसवायचं, अशी ती कारागिरी होती. नळीचा व्यास सुमारे ४७ मिलिमीटर आणि पत्र्याची जाडी सुमारे १.४ मिलिमीटर. आजच्या वॉशबेसिनखालचा पाइप साधारण याच मापाचा असतो.

साहुरेच्या मंदिरात खर्चाचा प्रश्न नव्हता. अमेरिकेतल्या बिल्डरला मात्र एकेका डॉलरचा हिशोब होता, आणि तरीही त्याने तांबं निवडलं. हा हिशोब नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात तांब्याच्या किलोच्या भावापेक्षा भिंतीची जाडी आणि प्लंबरचे तास यांना जास्त वजन होतं.

त्याआधीचा रिवाज बिडाच्या पाइपचा होता. संडासाचा उभा पाइप चार इंची, बिडाचा. पाच फुटांचा एक तुकडा सुमारे १९ किलोचा. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला रुंद सॉकेट. वरच्या तुकड्याचं टोक त्यात बसवायचं, मधल्या फटीत डांबरात भिजवलेला ताग ठासायचा आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, तेव्हा जागेवर भट्टी पेटवावी लागे. पाइपच्या व्यासाच्या दर इंचामागे एक पौंड शिसं असा ढोबळ हिशोब असे, म्हणजे चार इंची पाइपच्या एकेका सांध्याला जवळजवळ दोन किलो. शिसं थंड झालं की आकसतं, म्हणून ते छिन्नी-हातोडीने पुन्हा ठोकून बसवायचं. आडव्या पाइपला तर शिसं सांडू नये म्हणून सांध्याभोवती पट्टा आवळून वरून ओतायचं. दोन माणसांचं काम, तेही घामाचं आणि जोखमीचं.

दुसरी अडचण भिंतीची. अमेरिकेतलं साधं घर लाकडाच्या सांगाड्याचं. भिंतीतल्या उभ्या दांड्यांना 'टू बाय फोर' म्हणतात, पण रंधून झाल्यावर त्या काळात त्यांची खरी खोली ३ इंच ५ सूत भरायची. चार इंची बिडाच्या पाइपचं सॉकेट बाहेरून सहा इंचांच्या आसपास. म्हणजे हा पाइप साध्या भिंतीत बसूच शकत नाही. त्याच्यासाठी सहा इंची लाकडाची एक वेगळी, जाड भिंत उभारावी लागे. ती जागा न्हाणीघरातून किंवा शेजारच्या खोलीतून कापली जाई.

आपल्याकडे हा प्रश्न का आला नाही, तेही यातून कळतं. मुंबईतल्या चाळींचे आणि जुन्या इमारतींचे बिडाचे पाइप मागच्या भिंतीला बाहेरून लावलेले असतात. हवा गरम, भिंत विटांची, पाइप कितीही जाड असला तरी बिघडत नाही. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बाहेरचा पाइप गोठेल. तिथे सांडपाण्याला घराच्या पोटातूनच, दोन खोल्यांमधल्या भिंतीतून खाली जावं लागतं. एकदा पाइप भिंतीत शिरला की त्याची रुंदी हाच मुख्य प्रश्न होतो.

तांब्याने तो सोडवला. सांडपाण्यासाठी काढलेल्या तीन इंची तांब्याच्या नळीचा बाहेरचा व्यास ३ इंच १ सूत. तांब्याच्या सगळ्याच प्लंबिंग नळ्यांत हा नियम आहे, नावाच्या मापापेक्षा बाहेरचा व्यास नेमका एक सूत जास्त. त्यावर चढणारा जोड सव्वातीन इंचांच्या आसपास. ३ इंच ५ सुतांच्या भिंतीत तो आरामात मावतो. वेगळी जाड भिंत नको, चौकटीत फेरफार नको. वीस फूट लांबीची अखंड नळी साधारण १५ किलोची, म्हणजे बिडाच्या पाच फुटी तुकड्यापेक्षाही हलकी. एक माणूस ती खांद्यावर घेऊन जिना चढू शकतो. सांधा झाळायला एक गॅसची बत्ती पुरते. शिसं आणि कथील निम्मेनिम्मे असलेलं सोल्डर सुमारे २१५ अंशांना पूर्ण पातळ होतं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. जोड आणि नळी यांच्यातली फट इतकी बारीक ठेवलेली असते की जोड पुरेसा तापला की पातळ सोल्डर आपोआप आत ओढलं जातं, अगदी वरच्या दिशेनेही. मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनच्या म्युलर ब्रास कंपनीने १९३० च्या सुमारास अशा झाळायच्या जोडांचा धंदा सुरू केला, आणि पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या प्लंबरांचा हात त्यावर बसला. पिण्याच्या पाण्याच्या बारीक नळ्या ते तांब्याच्या करतच होते. सांडपाण्याकडे वळायला नवं कसब शिकावं लागलं नाही, फक्त मोठी बत्ती लागली.

चार इंचांऐवजी तीन इंच पुरतील, हे धाडस मात्र एकट्या प्लंबराचं नव्हतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रॉय हंटर नावाचे संशोधक बरीच वर्षं या प्रश्नावर काम करत होते. घरातले सगळे नळ आणि सगळे संडास एकाच क्षणी वापरात नसतात, मग पाइप त्या हिशोबाने का जोखायचे, हा त्यांचा मुद्दा. प्रत्येक उपकरणाच्या भाराला त्यांनी एक आकडा दिला आणि संभाव्यतेच्या गणिताने पाइपची मापं ठरवण्याची पद्धत १९४० साली मांडली. जगभरच्या प्लंबिंगच्या नियमांत तीच पद्धत आजही मुळाशी आहे. पाइपचं माप सवयीने न ठरवता मोजून ठरवता येतं हे एकदा पटल्यावर घराला तीन इंची उभा पाइप देताना कुणाला भीती राहिली नाही.

आणि काळही तसाच होता. दुसऱ्या महायुद्धात तांबं तोफगोळ्यांच्या पितळेत आणि तारांमध्ये गेलं होतं. इतकी टंचाई की १९४३ साली अमेरिकेने एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं. युद्ध संपलं, कारखाने मोकळे झाले, सैनिक परतले, लग्नं झाली, मुलं झाली आणि घरांचा तोटा पडला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटटाउनमध्ये सतरा हजारांहून जास्त घरं उभी राहिली, आणि तिथल्या काँक्रीटच्या जमिनीत खोली गरम ठेवण्यासाठी तांब्याच्या नळ्यांची वेटोळी पुरलेली होती. बिल्डरला घाई होती आणि मजुरी चढत होती. अशा वेळी महाग पण झटपट बसणारा माल एकूण हिशोबात स्वस्त पडतो.

या मालाची स्वतंत्र जात होती. अमेरिकेत तांब्याच्या नळ्या त्यांच्यावर छापलेल्या रंगावरून ओळखतात. जमिनीत पुरायच्या जाड नळीवर हिरवा, घरातल्या पाण्याच्या नळीवर निळा, त्याहून पातळ नळीवर लाल. सांडपाण्याच्या नळीवरची अक्षरं पिवळी, आणि ही सगळ्यांत पातळ. तीन इंची नळीचा पत्रा जेमतेम १.१४ मिलिमीटरचा, त्याच मापाच्या निळ्या जातीच्या निम्मा. दाब सोसायचा नसल्याने जाडीची गरज नव्हती, आणि तांबं वाचल्याशिवाय हिशोब जमला नसता. नशीब असेल तर आजही भिंतीतल्या नळीवर ती पिवळी अक्षरं पुसटशी वाचता येतात.

या नळ्यांचे जोड जरूर निरखून पाहावेत. काढून टाकलेला एखादा जोड हातात घ्या. तो बहुधा ओतीव कांस्याचा असतो, जड आणि बाहेरून खडबडीत. आतून मात्र बोट फिरवलं तर कुठेही अडखळत नाही. नळी जिथे येऊन टेकते तिथे जोडात तिच्या जाडीइतकीच खाच असते, म्हणजे नळीचा आतला पृष्ठभाग आणि जोडाचा आतला पृष्ठभाग एका पातळीत येतात. केस, साबणाची साय, कागद यांना अडकायला कंगोराच सापडू नये म्हणून. आता त्याच जोडाला गुण्या लावा. कोन नव्वद अंशांचा नसतो, त्याहून अंशभर जास्त असतो. सांडपाण्याच्या आडव्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार द्यायचा असा नियम आहे, आणि तो उतार जोडातच ओतून ठेवलेला आहे. उभा पाइप ओळंब्यात असला की आडव्या पाइपला योग्य ढाळ आपोआप मिळतो. जन्मभर भिंतीआड राहणाऱ्या वस्तूत इतकी अक्कल घालणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तांब्याच्या सांडपाणी नळ्यांची हीच गोष्ट उंच इमारतींत आणखी पुढे गेली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फ्रिट्झ सोमर यांनी १९५९ साली 'सोव्हेंट' नावाची रचना शोधली. साध्या पद्धतीत सांडपाण्याचा एक उभा पाइप आणि त्याच्या सोबतीला हवेचा दुसरा उभा पाइप लागतो. हवा नसेल तर खाली धावणारं पाणी मागे पोकळी निर्माण करतं आणि नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतं, मग घरात दुर्गंधी येते. सोमर यांनी प्रत्येक मजल्यावर एक विशेष जोड बसवला. त्यात वरून येणाऱ्या पाण्याचा वेग मंदावतो आणि त्यात हवा मिसळते, आणि तळाच्या दुसऱ्या जोडात ती हवा वेगळी होते. दोन पाइपचं काम एकाने भागतं. उत्तर अमेरिकेत ही रचना पहिल्यांदा माँट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या 'हॅबिटाट' या गाजलेल्या गृहसंकुलात तांब्याच्या नळ्यांनी केली गेली.

मग हे सगळं थांबलं कशामुळे? तांब्याच्या भावामुळे आणि प्लॅस्टिकमुळे, दोन्ही एकदम. १९६० च्या दशकाच्या मध्यावर व्हिएतनाम युद्धाने मागणी वाढवली आणि चिलीतल्या खाणींत संप झाले. १९६५ च्या नोव्हेंबरात अमेरिकी कंपन्यांनी भाव चढवला तेव्हा सरकारने राखीव साठ्यातलं तांबं बाजारात आणण्याची घोषणा करून तो पुन्हा पौंडाला ३६ सेंटवर उतरवायला लावला. पुढे १९६७ च्या जुलैपासून १९६८ च्या मार्चपर्यंत खुद्द अमेरिकेतल्या तांबं उद्योगात संप चालला. याच वर्षांत एबीएस आणि पीव्हीसीचे पाइप नियमांत बसू लागले होते. करवतीने कापा, सोल्युशन लावा, चढवा, बत्तीही नको. सत्तरचं दशक सरेपर्यंत नव्या घरांतून तांब्याचे सांडपाणी पाइप जवळजवळ नाहीसे झाले. मजुरीच्या हिशोबाने तांबं आत आलं होतं, आणि मजुरीच्याच हिशोबाने बाहेर गेलं.

आता सुरुवातीच्या त्या उखडलेल्या बाथरूमकडे परत येऊ. भिंत उघडलेली आहे, पाइप समोर आहे. ठेवायचा की काढायचा?

याचं उत्तर पाइपच्या वयात मिळत नाही. तो उभा आहे की आडवा आणि त्यातून काय वाहिलं यात मिळतं. उभ्या पाइपमधून पाणी भिंतीला चिकटून सरकतं आणि निघून जातं. तांब्यावर पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच पुढे संरक्षण करतो. छपरावर जाणारा हवेचा भाग तर कायम कोरडाच. आडव्या पाइपचा तळ मात्र कधीच सुकत नाही. त्यावर गाळ बसतो, गाळाखाली जिवाणू वाढतात आणि पत्रा तिथून झिजत जातो. मराठी घराला याचं मूळ चांगलं ठाऊक आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, कारण आंबट पदार्थ तांब्या-पितळेला खातो. पाइपमध्ये आंबटाच्या जोडीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे अमोनिया.

लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. अमोनिया आणि हवा एकत्र मिळाली की तांबं हळूहळू विरघळतं. प्रयोगशाळेत त्या द्रावणाचा गर्द निळा रंग दिसतो. म्हणूनच कॅनडाच्या राष्ट्रीय प्लंबिंग संहितेत फ्लश व्हॉल्व्हच्या मुतारीला तांब्याची नळी जोडायला मनाई आहे. पाण्याविना चालणाऱ्या मुताऱ्या बनवणारेही तांब्याच्या पाइपला त्या जोडू नका असंच सांगतात. घरातल्या संडासात पाण्याचा मारा असतो, म्हणून तिथे तांबं दशकानुदशकं टिकलं. पण १९९२ च्या कायद्यानंतर अमेरिकेत फ्लशचं पाणी १.६ गॅलनवर आलं; जुन्या टाक्या ३.५ गॅलन आणि त्याहून जास्त पाणी सोडत. धुऊन नेणारं पाणी निम्म्याहून कमी झालं, हे जुन्या आडव्या पाइपच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

अमोनियाच्या या स्वभावाचा शोध भारताशी जोडलेला आहे. ब्रिटिश फौजेच्या इथल्या तळांवर पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये साठवला जाई. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की पितळी काडतुसांना उभे तडे गेलेले असत. कोणी वापरलेली नाहीत, कोणी ठोकलेली नाहीत, तरी फुटलेली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली याचा उलगडा केला. काडतूस ओढून घडवताना पितळेत ताण उरतो, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत त्यावर बसतो, आणि ताण व अमोनिया मिळून धातू चिरतो. घडवल्यावर काडतूस तापवून ताण काढून टाकणं हा उपाय ठरला. तांब्याची नळी पितळेइतकी सहज तडकत नाही. पण जुन्या मोरीतले पातळ पितळी ट्रॅप आणि नट हात लावताच मोडतात तेव्हा अमोनियाच्या या करणीची आठवण होते.

तेव्हा तपासणी अशी. आडव्या पाइपच्या खालच्या अंगाला हात फिरवावा. हिरवट-पांढरे डाग, पाण्याचे सुकलेले ओघळ, बारीक भोकं दिसली तर तो भाग संपला. डाग नसले तरी अंगठ्याने दाबून पाहावं. पत्रा झिजलेला असेल तर दबतो. टिचकी मारल्यावर वरच्या आणि खालच्या बाजूचा आवाज वेगळा आला तरी संशय घ्यावा. झिजलेला तुकडा कापून पाहिला तर फरक डोळ्यांना दिसतो. वरची कड अजून मिलिमीटरभर जाड, आणि तीच कड खाली येत येत कागदाइतकी पातळ झालेली, मध्यावर लांबट चीर. संडासाखालचं वळण आणि टबाखालची आडवी नळी यांवर विशेष लक्ष ठेवावं. जिथे वर्षानुवर्षं तुंबा काढायचं रसायन ओतलं गेलं आहे तिथेही सांधे आणि पत्रा दोन्ही तपासावेत.

माझं मत स्पष्ट आहे. उभा पाइप धडधाकट असेल तर त्याला हात लावू नये. तो काढून पीव्हीसी घालायचं ठरवणाऱ्यांना एक गोष्ट भिंत बंद करायच्या वेळी कळते. तीन इंची पीव्हीसी बाहेरून साडेतीन इंच आणि त्याचं सॉकेट चार इंचांच्या आसपास. ज्या भिंतीत तांबं मावत होतं त्या भिंतीत ते मावत नाही. मग दांड्यांवर पट्ट्या ठोकून भिंत जाड करा, दाराची चौकट पुढे आणा, टाइलचं माप बदला. आडवे तुकडे मात्र भिंत उघडी असतानाच बदलून टाकावेत, संशय थोडा असला तरी. पुन्हा टाइल फोडण्याच्या खर्चापुढे चार फूट पाइपचा खर्च काहीच नाही.

जुनं तांबं आणि नवं प्लॅस्टिक जोडताना मापांचा घोळ होतो. दोन्हींना 'दीड इंची' म्हणत असले तरी तांब्याचा बाहेरचा व्यास १.६२५ इंच आणि पीव्हीसीचा १.९ इंच. साधं रबरी बूट एका बाजूला सैल राहतं. दोन वेगळ्या व्यासांसाठी घडवलेला, बाहेरून स्टेनलेस स्टीलचा पट्टा असलेला रबरी जोड मिळतो. भिंतीत जाणार असेल तर पट्ट्याचाच घ्यावा, कारण नुसतं रबर वजनाने बसतं आणि ओळ बिघडते. पाइप कापण्याआधी त्याला वरून आधार द्यावा, नाहीतर वरचा सगळा भार जोडावर येतो. तांब्याला लोखंडी पट्टीने टांगू नये. दोन धातू ओलसर जागी टेकले की त्यात लोखंड झिजतं आणि आधारच तुटतो.

कापण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहायच्या. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग धातूच्या पाइपला जोडलेलं असू शकतं, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. आणि सांध्यांतल्या सोल्डरमध्ये शिसं असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी अमेरिकेने ते १९८६ साली बंद केलं, पण या नळ्या त्याच्या आधीच्या आहेत. करवतीने सांधा कापताना उडणारा भुसा हाताला, कपड्यांना लागू देऊ नये, आणि लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये. नवा सांधा बत्तीने झाळायचा असेल तर मागच्या जुन्या सुक्या लाकडावर ओलं, न जळणारं कापड लावावं आणि काम संपल्यावरही बराच वेळ कुणीतरी तिथे थांबावं. दांड्याच्या आत धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही. सगळं जोडून झालं की टाइल लावण्याआधी खालचं तोंड बंद करून पाइपमध्ये पाणी भरून ठेवावं. दहा फूट उंचीचं पाणी पंधरा मिनिटं ठेवून एकही सांधा पाझरला नाही म्हणजे काम पास, अशी तिथल्या नियमांची चाचणी आहे.

निघालेलं तांबं टाकून देऊ नये. भंगारवाला सोल्डर लागलेले आणि आतून थर धरलेले तुकडे दुय्यम दर्जात घेतो. कांस्याचे जोड त्याहून वेगळे तोलले जातात. जोड कापून वेगळे केले आणि सरळ नळ्या आतून धुऊन दिल्या तर एकूण रक्कम वाढते. पाइप मालकाने ठेवायचा की प्लंबरने न्यायचा, हे दर ठरवतानाच बोलून घ्यावं आणि कागदावर लिहून घ्यावं.